महोत्सवाचा विषय आणि जेटीवरचे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एक छोटी बातमी होती. आमच्या भागात गेली तीन वर्षे भरणाऱ्या कला आणि तंत्रज्ञान महोत्सवाच्या आयोजकांनी पुढील वर्षाच्या ‘मध्यवर्ती संकल्पने’साठी नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत, असे तिच्यात म्हटले होते. सूचना मागवण्याचे सौजन्य दाखवल्याबद्दल मी आयोजकांचा आभारी आहे. मात्र अर्जात विषय लिहिण्यासाठी एक ओळ सोडलेली आहे आणि मला जे सांगायचे आहे ते एका ओळीत मावणारे नाही, म्हणून आपल्या स्तंभाचा आधार घेत आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. कलेतला जाणकार मी नाही, पण गेल्या वर्षी याच महोत्सवात जे पाहिले त्यानंतर ‘विषय’ या गोष्टीचा बराच विचार करावा लागला.

गेल्या वर्षी विषय होता, उज्ज्वल भविष्यासाठी डिजिटल तंत्रज्ञान. आमच्या शेजारच्या खाडीकाठच्या गावातील, नुकत्याच बारावी झालेल्या एका मुलाने तिथे एक वस्तू मांडली होती. आजोबांची भजनाची जुनी पेटी घेऊन तिच्या भात्याला त्याने भंगारातल्या गाडीची वायपरची मोटर जोडली होती. तिथून सहा किलोमीटरवर, गावच्या जेटीला बांधलेल्या एका पाइपात जाळ्याचा बोया तरंगत ठेवला होता. त्या बोयाची दोरी कप्पीवरून जुन्या रेडिओच्या आवाजाच्या नॉबला गुंडाळलेली होती आणि पाणी किती चढले याचा आकडा सिमकार्डावरून दर मिनिटाला पेटीपर्यंत पोहोचत होता. भरती चढू लागली की भाता जोर धरी आणि दाबून बांधलेल्या तीन पट्ट्यांचा सूर भरून येई. ओहोटीला तोच भाता इतका संथ होई की झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाची आठवण व्हावी. तिन्हींपैकी मधली पट्टी खाऱ्या हवेने बिघडली होती व किंचित बेसूर वाजत होती. ती दुरुस्त करून देऊ का, असे मी विचारले तेव्हा मुलाने चक्क नकार दिला.

परीक्षक आले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि खाडीत ओहोटी होती. एका परीक्षकांनी विचारले, “यात पाणी कुठे आहे?” मुलगा म्हणाला, “पाणी जेटीवर आहे, सर.” त्यांनी कागदावर काही लिहिले आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्या दिवशी षष्ठी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे. मुलाच्या आजोबांनी सहाची पाऊणपट साडेचार असे बोटांवर मोजून सांगितले होते आणि पेटी साडेचारच्या सुमारासच भरात आली. त्या वेळी सभागृहात पारितोषिक वितरण चालू होते. पहिले पारितोषिक हात जोडून पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या, तयार संचातून जोडलेल्या यंत्रमानवाला मिळाले. पेटीच्या प्रवेशिकेवर लाल शाईत शेरा होता, ‘विषयाशी सुसंगत नाही.’

निकालाबद्दल तक्रार करण्याचा माझा हेतू नाही. परीक्षकांनी समोर ठेवलेल्या नियमावलीनुसार काम केले आणि नियमावलीत विषयाशी सुसंगततेला शंभरपैकी चाळीस गुण होते. माझा आक्षेप त्या चाळीस गुणांना आहे, कारण दरवर्षीचा विषय ही आलेल्या प्रवेशिका गाळण्याची चाळण आहे अशी समजूत त्यांच्यामागे दिसते. माझ्या मते विषय ही आयोजकांनी स्वतःच्या अंगावर घ्यायची जबाबदारी आहे, आणि ज्या महोत्सवाने हा प्रकार जगात रुजवला त्याचा इतिहास पाहिला तर तिथेही हेच दिसते.

ऑस्ट्रियातील लिंझ हे डॅन्यूब नदीकाठचे, पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे शहर आहे. व्हिएन्नासारखे राजवाडे किंवा साल्झबर्गसारखे मोझार्टचे वलय त्याच्या वाट्याला आलेले नाही. तिथे १८ सप्टेंबर १९७९ रोजी ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा महोत्सव सुरू झाला. त्याच्या संस्थापकांत नभोवाणीतले हान्नेस लिओपोल्डसेडर, संगीतकार हुबर्ट बोग्नरमायर, संगीत निर्माते उलरिश रुट्झेल आणि विज्ञानकथाकार व संगणककलेचे अभ्यासक हर्बर्ट फ्रांके अशी माणसे होती. पहिल्याच वर्षी नदीकाठच्या उद्यानात ब्रुकनर या संगीतकाराची आठवी सिंफनी मोठ्या ध्वनिक्षेपकांवरून ऐकवण्यात आली, तेव्हा सुमारे एक लाख लोक जमले होते. शहरवासीयांनी आपले रेडिओ खिडक्यांत ठेवावेत असे आवाहन केले गेले होते आणि त्यामुळे सूर घराघरांतून बाहेर पडत होते. कारखान्यांच्या गावात नवे तंत्र आणि कला एकत्र आणायची तर ती सभागृहात कोंडून चालणार नाही, ही समज तिथे आरंभापासून होती. सुरुवातीला काही वर्षांच्या अंतराने भरणारा हा महोत्सव १९८६ पासून दरवर्षी भरू लागला. मी लिंझला गेलेलो नाही. परंतु महोत्सवाच्या दरवर्षीच्या सूचीग्रंथांतील लेख सहज वाचायला मिळतात आणि निवृत्तीनंतर पावसाळ्याच्या दिवसांत ते वाचणे हा माझा छंद झाला आहे.

त्या ग्रंथांतील विषयांवरून नुसती नजर फिरवली तरी एक गोष्ट लक्षात येते. त्यांत ‘उज्ज्वल’, ‘प्रगती’, ‘झेप’ असे शब्द जवळपास आढळत नाहीत. १९९८ चा विषय होता ‘इन्फोवॉर’, म्हणजे माहितीचे युद्ध. इंटरनेटकडे त्या काळात बहुतेक लोक मोठ्या कौतुकाने पाहत होते. २००७ चा विषय होता ‘गुडबाय प्रायव्हसी’. त्याच वर्षी आयफोन बाजारात आला आणि खिशातला फोन आपण कुठे आहोत हे सतत सांगत राहील ही गोष्ट सामान्य माणसाच्या ध्यानीमनीही नव्हती. एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रे उघड केली ती त्यानंतर सहा वर्षांनी, २०१३ मध्ये. २०१७ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय घेतला तेव्हा त्याला ‘दुसरा मी’ असे उपशीर्षक जोडले होते, आणि आज शाळकरी मुले निबंध लिहून घेण्यासाठी वापरतात तो चॅटजीपीटी यायला अजून पाच वर्षे होती. आयोजकांना भविष्य कळत होते असा माझा दावा नाही. काही विषय फसलेही असतील. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्या गोष्टीबद्दल आपल्याला खात्री नाही, किंबहुना थोडी भीती वाटते, तिचे नाव घेऊन त्यांनी ती दारावर लावली. उत्तर आधीच ठरलेले असेल तर कलावंताला बोलावून काय साधायचे? ‘उज्ज्वल भविष्यासाठी डिजिटल तंत्रज्ञान’ या वाक्यात भविष्य उज्ज्वल असल्याचे आधीच ठरवून टाकले आहे आणि ते कशाने उजळणार तेही सांगून टाकले आहे. आलेल्या माणसाने फक्त मान डोलवायची. त्या यंत्रमानवाने हात जोडले, ते त्या विषयाला शोभूनच दिसले असे म्हणावे लागेल.

विषयाची दुसरी कसोटी जागा. लिंझमधील जुना तंबाखू कारखाना २००९ मध्ये बंद पडला. पीटर बेरेन्स आणि अलेक्झांडर पॉप या वास्तुविशारदांची ही इमारत नावाजलेली होती, पण आत काम उरले नव्हते. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, महोत्सवाने ‘रिपेअर’, म्हणजे दुरुस्ती, हा विषय घेतला आणि तो याच रिकाम्या कारखान्यात भरवला. मोडलेल्या गोष्टींचे काय करायचे हा प्रश्न तिथे फलकावर लिहावा लागला नसेल, भिंतींनीच तो विचारला असेल. २०१५ मध्ये ‘पोस्ट सिटी’ हा विषय होता. रेल्वे स्थानकालगतचे, वापरातून गेलेले टपाल वर्गीकरण केंद्र त्यासाठी घेतले होते. ‘पोस्ट’ म्हणजे टपाल आणि ‘पोस्ट’ म्हणजे नंतरचे, असा तो श्लेष होता, आणि विसाव्या शतकाचे शहर संपल्यावर माणसे राहणार कुठे व कशी, हा त्यामागचा प्रश्न होता. योगायोग असा की, सप्टेंबर २०१५ च्या त्याच आठवड्यात हंगेरीतून निघालेले हजारो निर्वासित ऑस्ट्रियात पोहोचत होते. राहायचे कुठे हा प्रश्न त्या वर्षी सभागृहाबाहेर येऊन उभा राहिला. विषय आधीपासून खरा होता म्हणूनच बाहेरच्या घटनेला त्याच्याशी नाते जोडता आले. आमच्याकडे तिन्ही वर्षे महोत्सव एकाच सभागृहात, त्याच निळ्या कापडाच्या टेबलांवर झाला. तीन वर्षांत विषय बदलले, खुर्च्यांची मांडणीसुद्धा बदलली नाही.

२०२० मध्ये करोनामुळे कुणालाच प्रवास करता येईना, तेव्हा लिंझच्या आयोजकांनी केप्लरच्या बागा असा विषय घेतला. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा योहान्नेस केप्लर १६१२ ते १६२६ या काळात लिंझमध्ये राहत होता आणि तिथल्या विद्यापीठाला त्याचेच नाव आहे. त्या विद्यापीठाच्या आवारात मुख्य कार्यक्रम झाला आणि जगभरातील शंभराहून अधिक ठिकाणी स्थानिक संस्थांनी आपापल्या ‘बागा’ लावल्या, म्हणजे आपापले छोटे महोत्सव भरवून ते एकमेकांशी जोडले. गावातला एक जुना शेजारी आणि जगावर आलेले संकट यांची सांगड त्या विषयाने घातली आणि महोत्सवाचे रूपच बदलून टाकले. आपल्याकडे त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले होते आणि पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते आले. दोन्ही वेळा दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले होते. पण आमच्या डिजिटल विषयात ‘मनोरा मुका झाला तर’ या प्रश्नाला जागा सापडली नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वार्षिक विषयांवर होणारी टीका अगदीच निराधार नाही. कलावंत आपले काम वर्षानुवर्षे करीत असतो, त्याचे कॅलेंडर महोत्सवाच्या कॅलेंडरशी जुळत नाही, आणि मग जुन्याच कामाला नव्या विषयाचे लेबल चिकटवले जाते. त्या सूचीग्रंथांत मलाही अशी कामे दिसली की ज्यांचा त्या वर्षाच्या विषयाशी संबंध प्रस्तावनेतल्या दोन वाक्यांपलीकडे नव्हता. काही विषय इतके ऐसपैस असतात की त्यांत काहीही बसावे. २०१४ चा विषय नुसते ‘सी’ हे अक्षर असा होता, बदल घडवायला काय लागते असे त्याखाली लिहिले होते, आणि प्रामाणिकपणे सांगतो, दोनदा वाचूनही मला त्यातून फारसे हाती लागले नाही. शिवाय दरवर्षी नवा विषय म्हणजे कालचा प्रश्न सुटला असा आव आणण्याची सोय. खासगीपणाला २००७ मध्ये निरोप दिला म्हणून तो प्रश्न संपला थोडाच?

पण या दोषावर लिंझमध्ये पारितोषिके सुरू झाल्यापासून एक साधा उपाय होता आणि आमच्या आयोजकांनी त्याची नोंद घ्यावी ही माझी मुख्य विनंती आहे. तिथे स्पर्धा आणि विषय वेगवेगळे ठेवलेले आहेत. १९८७ पासून दिली जाणारी ‘प्री आर्स इलेक्ट्रॉनिका’ ही पारितोषिके, ज्यांतील सर्वोच्च पारितोषिकाला ‘गोल्डन निका’ म्हणतात, त्या वर्षाच्या विषयाला बांधलेली नसतात. पहिल्याच वर्षी संगणकीय अ‍ॅनिमेशनचे पारितोषिक जॉन लॅसेटर यांच्या टेबल-दिव्यांवरच्या छोट्या चित्रपटाला मिळाले. १९९९ मध्ये महोत्सवाचा विषय जीवविज्ञान हा होता, आणि त्याच वर्षी एक गोल्डन निका लिनक्स या संगणक प्रणालीला गेली, जिचा जनुकांशी काडीचा संबंध नव्हता. २००४ मध्ये विकिपीडियाला असाच सन्मान मिळाला, तेव्हा तो विश्वकोश जेमतेम तीन वर्षांचा होता. ‘विषयाशी सुसंगत नाही’ असा शेरा मारायची सोय तिथे असती तर लिनक्सचे काय झाले असते, कल्पना करावी. एकोणीस वर्षांखालील मुलांसाठी तर १९९८ पासून स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच्या मूळ नावातच मुक्त शैलीने संगणक वापरा असा अर्थ होता. म्हणजे विषयाने आयोजकांना बांधायचे: त्यांनी कोणाला भाषणाला बोलवायचे, कोणती जागा घ्यायची, कोणते काम मुद्दाम करवून घ्यायचे, हे विषयावरून ठरवायचे. १९९९ च्या जीवविज्ञानाच्या वर्षी एडुआर्डो काक या कलावंताकडून असेच एक काम करवून घेतले गेले. बायबलमधील एक वाक्य त्याने मोर्स लिपीतून जनुकाच्या भाषेत उतरवले, ते जीवाणूंत घातले, आणि इंटरनेटवरून पाहणाऱ्या कुणालाही अतिनील दिवा लावून त्यात बदल घडवण्याची मुभा दिली. वाक्य माणसाच्या सर्व प्राण्यांवरील सत्तेबद्दलचे होते आणि दिवा लावायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे होते. विषयासाठी काम करवून घेणे म्हणजे हे. स्पर्धेत आलेल्या मुलाला मात्र जे सुचले ते घेऊन येऊ द्यायचे.

आता कोणी म्हणेल, परदेशातले दाखले इथे कशाला? तर घरचा दाखला देतो. दशावतारी नाटकात आख्यान लावलेले असते. जत्रेच्या रात्री गणपती, ब्राह्मण, संकासुर हा आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, झाला की आख्यान सुरू होते. कोण कोणाला मारणार, कोणाचे लग्न लागणार, शेवट काय होणार हे समोर घोंगडी पसरून बसलेल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असते. तरीही पात्रांचे संवाद लिहिलेले नसतात. नारद काय बोलेल, राजा त्याला काय उत्तर देईल, आणि त्या गावातल्या यंदाच्या भातशेतीची किंवा रस्त्याच्या खड्ड्यांची गोष्ट मध्येच कशी येईल, हे त्या रात्री, त्या पेटीच्या आणि पखवाजाच्या साथीवर ठरते. आख्यान नसेल तर रात्रभर नुसते मुकुट आणि तलवारी दिसतील. संवाद लिहून दिले तर तासाभरात मंडप रिकामा होईल. आख्यान पक्के आणि संवाद मोकळे, ही तडजोड आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. महोत्सवाच्या विषयाने याहून वेगळे काय करायचे असते? आमच्या महोत्सवात झाले ते उलटे. आख्यानाच्या जागी घोषणा आली आणि संवाद मात्र गुणपत्रिकेने ठरवले.

याच पश्चिम किनाऱ्यावर आणखी खाली, कोचीत, १२ डिसेंबर २०१२ पासून भरू लागलेल्या कोची-मुझिरिस बिनाले या कलामहोत्सवाचे उदाहरण एका परिच्छेदापुरते घेतो. तो तंत्रज्ञानाचा महोत्सव नव्हे, दर दोन वर्षांनी भरावा अशी त्याची योजना आहे, आणि दर वेळी नवा कलावंत कलाकृती निवडून त्याची आखणी करतो. २०१४ मध्ये ते काम मुंबईचे जितीश कल्लाट यांच्याकडे होते. त्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या: पंधराव्या शतकाअखेर याच किनाऱ्यावर येऊन पोहोचलेली पोर्तुगीज गलबते, आणि त्याच्या आसपासच्याच शतकांत केरळात बहरलेली गणित व खगोलशास्त्राची परंपरा. एकीकडे समुद्रावरून मापे घेत येणारी माणसे, दुसरीकडे आकाश मोजणारी माणसे, आणि जागा कोणती, तर बंदरावरची जुनी गोदामे. विषय तिथल्या मातीतून काढला होता, म्हणून तो दुसऱ्या कुठल्या शहराला उचलून नेता आला नसता.

तेव्हा मागितली आहे तर माझी सूचना देतो, आणि ती घोषणा नसून प्रश्न आहे: ‘घर कोण बघतं?’ कोकणात हा प्रश्न रोज विचारला जातो. मुंबईला स्थायिक झालेल्या माणसाला गावच्या घराबद्दल पहिला प्रश्न हाच असतो. पूर्वी उत्तर शेजाऱ्याचे, चुलतभावाचे किंवा कुळाचे नाव असे. आता कित्येक घरांच्या पडवीत तुळशीकडे तोंड करून एक छोटा कॅमेरा बसलेला असतो आणि रात्री त्याचा लाल ठिपका चमकतो. माझ्या घरासमोरचे घर असेच आहे. मालक विरारला असतात. एकदा दुपारी समोरच्या काकींचा फोन वाजला. मालकांनी विरारहून सांगितले, “गे काकी, आमच्या नळ्यांर माकडां चढली हत, जरा हाकल गे.” काकी काठी घेऊन बाहेर आल्या, डोळ्यांवर हात धरून वर बघितले आणि फोनमध्ये म्हणाल्या, “तुका थंयसून दिसतां ता माका हंयसून दिसना नाय.” त्यांना मोतीबिंदू आहे. मग मालक छपराच्या कुठल्या कोनावर किती माकडे आहेत हे विरारहून सांगत राहिले आणि काकी त्या सूचनेबरहुकूम काठी आपटत अंगणात फिरत राहिल्या. माकडे गेली. मी माझ्या पडवीतून हे सगळे पाहत होतो, म्हणजे तिसराही कोणी तरी बघतच होता. खासगीपणा, पाळत, दूरसंवेदन, स्थलांतर, म्हातारपण, शेजारधर्म, हे सारे शब्द मी वर्गात किंवा लेखांत वापरले असतील, पण ते सगळे एका अंगणात एकाच वेळी उभे राहिलेले त्या दुपारी पाहिले.

असा विषय घेतला तर जागाही समोर आहे. पट कमी झाल्याने बंद झालेली शाळा किंवा वारसांनी संमती दिलेले एखादे कुलूपबंद घर मिळाले तर निळ्या कापडाच्या टेबलांची गरज पडणार नाही. पिंगुळीच्या, चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथीकारांना आणि कळसूत्री बाहुल्या नाचवणाऱ्यांना उद्घाटनाच्या मनोरंजनापुरते न बोलावता या प्रश्नावर काही करायला सांगावे. बाहुलीला नाचवणारा दोऱ्या कुठून हलवतो हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? परशुराम गंगावणे यांना याच कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडे माणसे नाहीत असे म्हणायला जागा नाही. कॅमेरे बसवून देणारे आमच्या बाजारपेठेतले तरुण तंत्रज्ञ, ज्यांना प्रत्येक वाडीतले कुठले घर कोण कुठून बघतो हे माहीत आहे, त्यांना परिसंवादात व्यासपीठावर बसवावे. आणि हे सगळे ठरवून, प्रश्न एका पानात नीट लिहून, ते पान निदान वर्षभर आधी शाळा-महाविद्यालयांत आणि मंडळांत पोहोचवावे. गेल्या वर्षी विषय कळला तो महोत्सवाच्या एकवीस दिवस आधी, व्हॉट्सअ‍ॅपवरून. एकवीस दिवसांत तयार संचातला यंत्रमानव जोडून होतो. जेटीवर पाइप बांधायला लागणारी परवानगीसुद्धा तेवढ्यात मिळत नाही. त्या मुलाने ती कशी मिळवली हे तोच जाणे.

स्पर्धा मात्र विषयमुक्त ठेवावी आणि सुसंगततेचे ते चाळीस गुण नियमावलीतून काढून टाकावेत. परीक्षकांनी प्रत्येक कामासमोर किती वेळ थांबायचे हेही ठरवून द्यावे, आणि काही कामे ओहोटीला एकदा व भरतीला एकदा पाहावी लागतात याची त्यात सोय असावी. पत्र लांबले याची मला जाणीव आहे. काटछाट करावी लागली तर केप्लरचा परिच्छेद गाळावा, पण गुणांबद्दलचे वाक्य कृपया ठेवावे.

ती पेटी सध्या माझ्या पडवीत आहे. जेटीवरचा बोया मुलाने काढलेला नाही, त्यामुळे ती अजून चालते. काल अमावास्या होती. दुपारी बाराच्या आगेमागे उधाणाचे पाणी चढले आणि मधल्या बेसूर पट्टीसकट ती इतकी वाजली की समोरच्या काकी बघायला आल्या. आयोजकांपैकी कोणाला पाहायची असेल तर नारळी पौर्णिमेपर्यंत ती इथेच असेल. त्यानंतर मुलाचे आजोबा ती भजनाला परत मागणार आहेत. येताना तिथी बघून, तिची पाऊणपट करून यावे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग